ऊन पाण्याच्या बागेत

३ मार्च, रविवार

ओकले. बागेत, शौचालयाच्या मागे, कुंपणाची जाळी धरून. कुणी पाहिलं नाही असं वाटलं होतं, पण वळले तर मागे लेक उभी.  पाण्याची बाटली हातात दिली आणि माझ्याकडे पाठ करून आडोशासारखी उभी राहिली. सोळा वर्षांची पोर. हे कुठे शिकली?

नीट लिहिते. बेत नणंदबाईंचा. त्या बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसतात — आठवडाभर लोकांना कुठून कुठे जायचं ते सांगतात आणि सुट्टीच्या दिवशी आम्हाला. गावाबाहेर गरम झऱ्यांची बाग आहे, सहज जाऊ, डबे नेऊ, जरा पाण्यात बसू, संध्याकाळी परत. त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मध्ये 'पण' घालायला फट सापडत नाही. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जाऊ की. बाग तर आहे!

बाग सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. उतारावर पसरलेली. सगळ्यात वर उगम — लोखंडी कठड्यामागे पाणी खदखदतं, भोवतीचे दगड पिवळे पडलेले. तिथून ओढा निघतो, मध्ये दगडी काठाचं मोठं कुंड लागतं, मग पूल, आणि अगदी तळाशी बदकांचं तळं. फाटकातून आत शिरलो तेव्हा वाऱ्याने वाफेचा एक लोट खाली आणला. पांढरा, ओला. माझ्या गालाला लागला. बस्स. पुढचं वर लिहिलंच आहे.

बाकी सगळे कुंडात उतरले. नणंदबाई गळ्यापर्यंत बुडून हाका मारत होत्या, ये गं, अंग कसं मोकळं होतं बघ! त्यांना आठवत नव्हतं की मुद्दामच करत होत्या, देव जाणे. मी दुपारभर बाकावर बसून सामान राखलं. उन्हात, पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यात.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी दीड वर्ष गार पाणीसुद्धा फुंकते आहे.

आता पुरे झालं.

४ मार्च, सोमवार

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात माझं अर्धं आयुष्य गेलं. आधी चुलींपाशी, आणि अपघातानंतर गार टेबलापाशी — काकड्या चिरायच्या, फळं कापायची, दही वाट्यांत भरायचं. मधे काचेची भिंत. तिच्या पलीकडे वाफेवरची मोठी भांडी. त्यांतल्याच एकाच्या झाकणाची कडी निसटली आणि समोर मी होते. मानेपासून डाव्या हाताच्या बोटांपर्यंत. मांडीची कातडी काढून हाताला लावली. तेव्हापासून हात माझाच आहे, पण शेजारणीकडून उसना आणल्यासारखा वाटतो.

आज मॅनेजरने बोलावलं. आमच्या मुख्य स्वयंपाकीण — सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतो — पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. त्यांनी माझं नाव सुचवलंय. मॅनेजर वाईट माणूस नाही. टेबलावरचा पेन सरळ करत म्हणाला, भांड्यांपाशी उभं राहता येईल का तुम्हाला? नसेल तर मोकळेपणी सांगा, दुसरं कुणी बघू.

येईल, म्हटलं.

बाहेर येऊन पुन्हा काकड्या चिरायला लागले. पण म्हटलं ते म्हटलं.

५ मार्च, मंगळवार

आंघोळीचं पाणी तापवायला ठेवलं. भांड्याच्या तळाशी बुडबुडे दिसले आणि बंद केलं. आजही गारच.

९ मार्च, शनिवार

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. दीड वर्षं यांनीच हात सांभाळलाय. म्हटलं, झऱ्याच्या पाण्यात बसलं तर चालेल का? त्यांनी हात उलटा-सुलटा करून पाहिला, बोटं वाकवून पाहिली. कातडी आता पक्की झालीय, हरकत नाही म्हणाल्या. पण डाव्या हाताला ऊन-गार नीट कळणार नाही, म्हणून आधी उजवा घालायचा, उजव्याला सोसलं तरच डावा. फार वेळ नाही. नंतर साध्या पाण्याने धुवायचं, मलम लावायचं.

आणि वाफ?

वाफेच्या भीतीवरचं औषध माझ्या कपाटात नाही, म्हणाल्या. ते तुम्हीच शोधा आणि मलाही सांगा.

बसमध्ये तेच डोक्यात. कठड्यामागे जे पाणी उकळतं तेच पाणी खाली बदकांपाशी जातं. बदकं काही शिजत नाहीत! म्हणजे वाटेत ते निवत जातं. मग मी खालून का सुरू करू नये? एकदम उगमापाशी जा असं कोण म्हणतंय? दर खेपेला थोडी चढण. बुधवारी माझी सुट्टी असते.

घरी सांगितलं, बुधवारी बागेत जरा पाय मोकळे करून येईन. नवरा म्हणाला, जा की, हवा लागेल.

१३ मार्च, बुधवार

बदकांच्या तळ्याकाठी बसले. आजूबाजूला कुणी नाही. उजवा हात घातला. कोमट — तान्ह्या बाळाला चालेल इतकं. डावी बाही वर करायला मात्र बराच वेळ गेला. शेवटी स्वतःलाच दटावलं, अगं, बदकाला जमतं ते तुला जमू नये?

घातला. मनगटापर्यंत. काही झालं नाही. हाताला सांगावं लागलं, हे ऊन आहे, हे भाजणं नव्हे. दोन वेगळे शब्द आहेत, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

परतताना भूक लागली होती. कडकडून! कित्येक दिवसांनी.

२० मार्च, बुधवार

पुलापर्यंत. पाय गुडघ्यापर्यंत, हात कोपरापर्यंत. इथे पाणी चांगलंच ऊन आहे. पहिल्यांदा घाईघाईने बाहेर काढले. दुसऱ्यांदा पण. मग पुलाच्या सावलीत बसून डबा खाल्ला आणि तिसऱ्यांदा घातले. राहिले. बोटं सैल पडत गेली — कितीतरी महिन्यांत मूठ अशी वळली नव्हती. मूठ वळून उघडून बघत बसले, खुळ्यासारखी.

घरी आले तर नवरा म्हणतो, केसांना अंडी उकडल्यासारखा वास कसला येतोय? झऱ्याचा, म्हटलं. तो हसला नाही. तू पाण्याजवळ गेली होतीस? विचारलं आणि उत्तर न ऐकता कणीक मळत राहिला. अपघातापासून आमच्या घरचा स्वयंपाक त्याच्याकडे आहे. चहासुद्धा निववून माझ्या हातात देतो. मी साधी किटली उचलली तरी धावत येतो.

२१ मार्च, गुरुवार

आज सांगून टाकलं. मुख्य स्वयंपाकिणीच्या जागेचं, माझ्या 'येईल'चं, बुधवारांचं. लेक शिकवणीला गेली होती, घरात दोघंच.

तो गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करतो. दिवसभर हातोडीच्या आवाजात असतो, म्हणून घरी फार बोलत नाही. आधी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, त्या स्वयंपाकघरात परत जायचं नाही. गार टेबल बरं आहे. गरज काय?

मी चिडले. गरज काय म्हणजे? मला काही इच्छा नसावी? लोक मला अजून 'ती भाजलेली' म्हणून ओळखतात. त्याआधी माझ्या हातचं सूप मागून घेणारे पेशंट होते! असं बरंच बोलले.

तो टेबलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या पट्ट्या रोज मी सोडायचो. तू डोळे मिटून घ्यायचीस. मला मिटता यायचे नाहीत."

हे तो आजवर कधी बोलला नव्हता. मला वाटायचं, त्याने ते सगळं निभावलं, संपलं. माझं दुखणं, माझी कातडी, माझी भीती — त्याच्या वाटणीचं काही असेल हे डोक्यातच आलं नाही.

 शेवटी खरं तेच सांगितलं. "परत तसं होणार नाही असं वचन मला देता येत नाही. पण काकड्या चिरत म्हातारी व्हायचं नाही मला."

तो उठला आणि भांडी घासायला लागला. आदळआपट. एका ताटाचा टवका उडाला. मी पुसायला उभी राहिले. 

२४ मार्च, रविवार

अबोला. लेक म्हणाली, तुम्ही दोघं मिठाची बरणी माझ्यामार्फत मागता, मला पगार द्या.

२७ मार्च, बुधवार

कुंड! बायकांच्या बाजूला. पोहायचा पोशाख नवा घेतला होता — बिनबाह्यांचा, कारण बाह्यांचा घेतला असता तर मग एवढं सगळं कशासाठी? कपडे बदलायच्या खोलीत टॉवेल पांघरून बसून राहिले. बाहेरून दोनदा दार वाजलं. मग उठले.

आत दोन-तीन बायका आणि एक लहान मुलगी होती. टॉवेल काढला. बायकांनी पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं — दोन्ही गोष्टी मला ऐकू येतात हल्ली. उजवा हात, उजवा पाय, मग डावा. कमरेपर्यंत. मग खांद्यापर्यंत.

मुलगी पोहत जवळ आली. तिने विचारलं, हात असा सुरकुतलेल्या कागदासारखा का? तिची आई काठावरून ओरडली, असं विचारायचं नाही! मी म्हटलं, विचारू द्या.

"भाजला होता," म्हटलं.

"अजून दुखतो?"

"नाही. खाजतो."

"माझा गुडघापण खाजतो," म्हणाली आणि डुबकी मारून गेली.

एवढंच! मी दीड वर्ष या प्रश्नाला घाबरून पूर्ण बाह्या घालत होते आणि तो प्रश्न एवढासा निघाला. सगळ्यांचा असा निघणार नाही, ठाऊक आहे. पण एक तर निघाला.

३ एप्रिल, बुधवार

आज उगम. इथून पुढे पाणी नाही, फक्त वाफ. माझी खरी वैरीण.

कठड्याशी जायला लाकडी पायवाट आहे. वारा असेल तसा वाफेचा लोट कधी डावीकडे, कधी उजवीकडे. अर्ध्या वाटेवर असताना तो माझ्याकडे वळला आणि मी पळाले. चक्क पळाले, या वयात! एक बाई पिशवी सावरत बाजूला झाल्या. खाली पुलावर जाऊन श्वास जागेवर आणला. परत चढले. परत उतरले. तळव्यांना घाम — म्हणजे उजव्या तळव्याला. डाव्याला घाम येत नाही.

मग मी नव्या पोरींना काय शिकवायचे ते आठवलं. झाकण आपल्यापासून लांबच्या बाजूने उचलायचं, तोंड वळवायचं, पहिली वाफ जाऊ द्यायची, मग पुढे व्हायचं. वाफ कायमची नसते, पहिला लोट निघून जातो. मी शेकडो वेळा बोललेलं वाक्य. तेच पुटपुटत पुन्हा चढले.

पायवाटेच्या टोकाला पोचले, कठडा धरला, डोळे गच्च मिटले, लोट यायची वाट बघत उभी. तेवढ्यात मागून आवाज — ताई, जरा आमचा फोटो काढता का? एक गृहस्थ, टोपी घातलेले, बायको शेजारी. फोन माझ्यापुढे धरलेला. नाही कसं म्हणणार? घेतला. वाफ मागे यायला हवी, असा त्यांचा आग्रह. मी मागे सरकले, डावीकडे झाले, त्यांना जवळ उभं केलं, बाईंना जरा हसायला सांगितलं. एक काढला. वाफेने दोघं झाकली गेली, म्हणून आणखी एक. गृहस्थ म्हणाले, तुम्हीच आता पूर्ण ढगात आहात!

होते. पूर्ण ढगात. फोन डाव्या हातात. चेहरा ओला, पापण्या ओल्या. आणि मी फोटो नीट आला का ते बघत होते.

ती दोघं गेल्यावर रडले. मग तिथेच उभी राहिले, वारा फिरेपर्यंत. लोट पुन्हा आला. मी तोंड वळवलं, पहिला लोट जाऊ दिला.

४ एप्रिल, गुरुवार

नवऱ्याला सगळं सांगितलं, पळाले तेही. तो म्हणाला, रविवारी मी येतो.

७ एप्रिल, रविवार

सगळे गेलो. नणंदबाईंनाही मीच बोलावलं. खरं सांगायचं तर त्यांना दाखवायचं होतं! बाकावर बसवून हाका मारल्या होत्यात ना? आता बघा. मनाचा कोतेपणा आहे, असू दे. या वहीत नाही लिहायचा तर कुठे?

त्या म्हणाल्या, मला सर्दी झालीय, मी काठावर बसते, सामान बघते. आम्ही तिघं मोठ्या कुंडात, जिथे सगळेच उतरतात. रविवार, म्हणून गर्दी. मी टॉवेल काढला आणि आजूबाजूचा गलका जरासा खाली आला. हात दाखवून अवलक्षण — ही म्हण माझ्यासाठीच केली असणार. दोघं तरुण सरळ टक लावून बघत राहिले. एका बाईने आपल्या मुलाला दंड धरून पाण्यातून बाहेर काढलं, जणू माझ्यापासून त्याला काही लागणार आहे. लेकीचे कान लाल झाले, ती त्या बाईला काही बोलणार होती. मी मानेने नको म्हटलं.

गुडघाभर पाण्यात मी थांबले. मागे फिरणं सोपं होतं. टॉवेल हाताशीच होता.

पुढे गेले. खांद्यापर्यंत बसले. काठावर मान टेकली. बघणारे थोडा वेळ बघतात, मग त्यांनाही कंटाळा येतो. त्या बाईचा मुलगा तिच्या हातून निसटून पुन्हा पाण्यात आला.

नवरा बराच वेळ पायऱ्यांवर उभा होता. मग आला आणि माझ्या डाव्या बाजूला बसला, पाण्याखाली खांद्याला खांदा लागेल असा.   थोड्या वेळाने म्हणाला, पाणी बरं आहे.

येताना बसमध्ये नणंदबाई गप्प होत्या. सर्दी चांगलीच झालेली दिसते.

१५ एप्रिल, सोमवार

मोठ्या बाईंनी आपला एप्रन घडी करून कपाटात ठेवला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काही भाषण न करता गेल्या. त्यांचं हेच मला आवडतं.

सूपचं भांडं. नवी कडी आहे, भक्कम. पण हात ती ओळखत नव्हता. काचेपलीकडून गार टेबलावरच्या दोघी काकड्या चिरायच्या थांबल्या. मॅनेजर दारात, काहीतरी काम असल्याचं सोंग करून.

लांबच्या बाजूने झाकण उचललं. लोट आला. मी मागे सरले. सरले, लपवण्यात अर्थ नाही. झाकण हातात, पाठ कपाटाला टेकलेली.  लोट निघून गेला. मी पुढे झाले, ढवळलं, चव घेतली.

दुपारी वॉर्डातून निरोप — सूप खारट आहे. मीठ दोनदा घातलं गेलं होतं! आख्खं इस्पितळ माझ्या नावाने पाणी प्यालं असणार. खूप हसलो सगळे.

१६ एप्रिल, मंगळवार

मीठ बरोबर. मागे सरले, पण कपाटापर्यंत नाही.

२५ एप्रिल, गुरुवार

दुपारी नणंदबाई इस्पितळाच्या मागच्या दारी आल्या, जिथे भाजीची गाडी लागते. मला वाटलं डबा पोचवायला आल्या. बटाट्याच्या पोत्यावर बसल्या. छातीत गाठ आहे म्हणाल्या, तपासण्या झाल्या, सोमवारी एक बाजू काढणार. अजून कुणाला माहीत नाही, धाकट्यालाही नाही. धाकटा म्हणजे माझा नवरा. सगळं एका दमात, चौकशीच्या खिडकीतून गाडीची वेळ सांगावी तसं. 

मी त्यांचा हात धरायला पुढे झाले, तर त्यांनीच माझा डावा हात धरला, घट्ट, आणि विचारलं, "त्या रविवारी सगळे बघत होते. तरी तू पाण्यात कशी गेलीस गं?"

  "ताई, तुम्ही बऱ्या व्हा," म्हटलं, "मग दोघी जाऊ. तेव्हा बघू कसं जायचं ते."

सोमवारची रजा टाकली.